मिन्निसा आपाचा हातगुण

आमच्या तिरेक्ली गावात मिन्निसा आपाला वर्षातून एकदाच कोणी घरात बोलवायचं, ते मार्चमध्ये. बाकीचे अकरा महिने तिची जीभ सहन करायची कोणाची तयारी नव्हती. कोणाचा बेलिश, म्हणजे मांस भरलेला पाव, भट्टीत करपला, कोणाची सून आळशी आहे, कोणाच्या नवऱ्याने कुंपण वाकडं ठोकलंय, ती सगळं तोंडावर सांगायची आणि वर विचारायची, "का, खोटं बोलले का?" खोटं कधीच नसायचं, तीच तर अडचण होती.

पण मार्चमध्ये घराघरांत हंसिणी खुडूक व्हायच्या आणि त्यांच्याखाली अंडी ठेवायला आपाच लागायची, कारण तिला हातगुण होता. तिने ठेवलेल्या अकरांतून दहा पिल्लं निघायची, कधी अकराच्या अकरा. चौतिसाव्या वर्षी नवरा गेला, मुलगी शिकून शहरात राहिली, सामूहिक शेतीच्या गोठ्यात वासरं सांभाळण्यात जन्म गेला. या बाईच्या वाट्याला दुसरं काही आलं नाही, हा हात तेवढा आला.

ती भल्या सकाळी बर्फ तुडवत यायची, वाटेत कोणी हाक मारली तरी बोलायची नाही. अंडी ओच्यात घ्यायची, बाकाखालच्या पेंढ्याच्या टोपलीसमोर गुडघे टेकायची आणि एका दमात सगळी आत सरकवायची. मग बसायची. आमच्याकडे नियमच आहे, अंडी ठेवणारी बाई लगेच उठली तर हंसीणही उठते. म्हणून त्या बाईखाली पिसांची उशी द्यायची, दूध घातलेला चहा द्यायचा आणि निदान तासभर तिला हलू द्यायचं नाही. आपा दोन तास बसायची.

"उठू का? उठते हं," मधेच म्हणायची. "मग हंसीण उठली तर माझ्या दारात रडत यायचं नाही."

"नको आपा, बसा, बसा!" म्हणून घरातल्या बायका अजून एक कप भरायच्या.

त्या दोन तासांत ती वेगळीच बाई असायची. लग्नात नवऱ्याचा बूट चिखलात रुतला आणि तो एकाच बुटावर मुल्लासमोर उभा राहिला, ते दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. पंचवीस घरं म्हणजे पंचवीस सकाळी. त्या शिदोरीवर तिचं वर्ष निघायचं.

आता माझं सांगते, कारण या गोष्टीतला पहिला खोटेपणा माझा आहे.

सामूहिक शेती बंद पडली त्या हिवाळ्यात मी या गावात सून म्हणून आले. माझं माहेर शहरातलं, हंस मी ताटातच पाहिलेले. सासूने, शम्सिया तिचं नाव, अंड्यांची करंडी माझ्या हाती दिली आणि बजावलं, "तळघरात ठेव आणि रोज उलटीपालटी कर." एका संध्याकाळी मी ती करंडी बाहेरच्या सोप्यात विसरले. त्या थंडीत बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं होतं. सकाळी दोन अंडी तडकलेली दिसली, ती फेकली. बाकीची पुसून तळघरात नेली आणि तोंड शिवून बसले.

त्याच वर्षी आपाचा उजवा हात थरथरायला लागला होता. अंडी सरकवताना दोन एकमेकांवर आपटली, तो टक् आवाज सासूने ऐकला. एकतीस दिवस झाले तरी टोपलीतून चिवचिव नाही.

"गेला म्हातारीचा हात," सासू म्हणाली आणि बहिणीकडे दोन दिवस राहायला गेली. ती परतली की गावभर होणार, हे मला दिसत होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्याने निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पुलाजवळ पिल्लंवाल्याचा ट्रक उभा राहिला, यंत्रात उबवलेली पिल्लं खोक्यांतून विकणारा. मी नऊ पिल्लं घेतली आणि तिन्हीसांजेला एकेक करून हंसिणीच्या पोटाखाली सरकवली. ती बिचारी लगेच कुरकुरत त्यांना पंखाखाली घेऊ लागली.

सासू आली, खाली वाकली, बराच वेळ बघत राहिली. आमच्या करड्या हंसांची पिल्लं चिखलाच्या रंगाची असतात, ही पिवळीधमक. ते मला ठाऊकच नव्हतं. सासूने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "रंग काय, पुढे बदलतो."

आपाही बघायला आली. एक पिल्लू हातात घेतलं, त्याच्या लवीवर फुंकर मारली, परत ठेवलं. "नऊच? दोन कोणी खाल्ली, सूनबाई?" एवढंच म्हणाली आणि चहा मागितला. मला वाटलं, सुटले.

सुटले कसली! सासूच्या पोटात काय राहतंय? तिने ही युक्ती शेजारणीला सांगितली, शेजारणीने तिच्या जावेला. ट्रकची पिल्लं भराभर वाढतात, नोव्हेंबरात कापायला तयार होतात. मग हिवाळाभर नर-मादीला दाणा घालायचा कशाला? पाच-सहा वर्षांत गावातले करडे नर एकामागून एक कापले गेले. तरी मार्चमध्ये आपाला बोलावणं जायचं, लाजेकाजेस्तव. हंसिणीखाली वांझ अंडी ठेवायची, ती ठेवून आपा बसायची, महिन्याने ट्रक यायचा. एकीने तर दुकानातली कोंबडीची अंडी दिली, वर शाईचा शिक्का होता. आपाने शिक्के खालच्या बाजूला करून नीट ठेवली आणि दोन तास बसली.

पुढे हंसिणीही कोणी ठेवेना, तेव्हा बोलावणीही थांबली. शेवटी फक्त आमचं घर उरलं. सासू वारल्यावर मी एक हंसीण ठेवली होती, आपासाठीच. गेल्या हिवाळ्याच्या आधी तीही कापली. नवरा, इल्दुस, म्हणाला, "एका म्हातारीच्या चहापायी किती दाणा घालायचा?" मी भांडले नाही. करड्या हंसांचं जुनं वाण आता एकाच अंगणात होतं, आपाच्या. एक म्हातारा नर आणि एक हंसीण.

या मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो नर मेला. सकाळी आपा माझ्या फाटकाशी आली. चार महिने आमचं बोलणं नव्हतं, मी हंसीण कापली म्हणून.

"तुझ्याकडे नर आहे का?" तिने सरळ विचारलं.

"कुठला असणार आपा?"

"मग चल माझ्याबरोबर. मला एकटीला बघून दार लावून घेतील."

आम्ही घर न् घर फिरलो. सगळ्यांनी आदराने आत बोलावलं, सगळ्यांनी मान हलवली. सल्तनत नावाच्या पोस्टातल्या बाईने फ्रीजर उघडून दाखवला. "आहे की आपा, चांगला पाच किलोचा. नर होता की मादी, ते आता तोच सांगेल." मी तोंड फिरवून हसले, आपा हसली नाही. पलीकडच्या दोन गावांत फोन केले, तिथेही नोव्हेंबरात सगळं साफ.

परत येताना ती म्हणाली, "पहिली तीन अंडी तो असताना घातलेली आहेत. तीनांतून एक तरी निघेल. एक निघालं तरी वाण राहतं." मग जरा थांबून, "नर निघायला हवा मात्र."

तिने सात अंडी ठेवली. ती तीन कुठली, त्यांवर कोळशाने खूण केली. मी टॉर्च घेऊन गेले, अंड्यात जीव धरलाय का बघायला, तर माझ्यावर खेकसली, "पोटातल्या पोराच्या डोळ्यांत दिवा मारतेस?" ठेवल्यावर आपल्याच घरात, आपल्याच उशीवर, स्वतःच केलेला चहा घेऊन ती दोन तास बसली. मी तिथे होते. बुटाची गोष्ट तिने सांगितली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिने मला पाण्याला बोलावलं. घमेल्यात कोमट पाणी घ्यायचं आणि अंडी त्यात हलकेच सोडायची. आत पिल्लू जिवंत असेल तर अंडं पाण्यावर डुलतं, धक्के देतं. हंसीण दाणा खायला उठली तेवढ्यात आपाने एकेक अंडं आणून सोडलं. खूण नसलेली चार नुसती तरंगत राहिली. मग पहिलं खुणेचं, तेही तसंच. दुसरंही तसंच. तिसरं सोडलं आणि ते डुललं.

"हललं!" मी ओरडले. "आपा, हललं बघा!"

तिचा चेहरा असा उजळला की मला माझ्या लग्नाच्या वर्षीची आपा दिसली. अंडं डुलत होतं, पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. मग माझं लक्ष गेलं. तिचा थरथरता उजवा हात अजून मनगटापर्यंत पाण्यात होता.

मला ते बोलायचं नव्हतं. तिनेच माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि हात हळूच बाहेर काढला. लाटा घमेल्याच्या काठाला लागून विरल्या. पाणी थांबलं, अंडंही थांबलं. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो, पाणी गार होईपर्यंत.

"गुरुवारी ट्रक येतोय," मी म्हणाले. "दोन पिल्लं आणून ठेवते खाली. निदान हंसिणीला..."

"ठेव ना. तुझा हात बसलाय त्यात."

अंडी ओच्यात गोळा करत ती म्हणाली, "करड्या हंसिणीखाली पिवळी पिल्लं! पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. खरं तर रडूच आलं होतं. "अंडी माझ्यामुळे गोठली होती आपा. तुमच्या हाताला काही झालं नव्हतं. तुम्ही एकदा माझ्या तोंडात मारली असती तर हे नर तरी राहिले असते गावात!"

"आणि मला बसायला कोणी बोलावलं असतं?" ती म्हणाली.

तिने ती सातही अंडी परत टोपलीत ठेवली, कारण हंसीण मान उगारून फिसकारत होती. पण त्यानंतर आपा बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी उशी पुढे केली तर पायाने सरकवली.

"मी बसले तर ती बसेल. उभी राहते. उठेल बिचारी."

"मी अंडी उचलून पुरून टाकू का?"

"तू हात लावायचा नाहीस. आणि माझा हात ठेवायचा आहे, काढायचा नाही."

मी रोज सकाळी जायचे. रोज ती उभी असायची, कधी चौकटीला, कधी खिडकीशी, एकोणऐंशी वर्षांचे सुजलेले गुडघे घेऊन. जेवायचीसुद्धा उभ्यानेच. हंसीण मात्र दाण्यालाही उठेनाशी झाली. छातीवरची होती नव्हती ती लव तिने उपटून अंड्यांभोवती लावली होती, आणि खालची कातडी लाल दिसत होती. आता अंड्यांना वास यायला लागला होता.

नवव्या दिवशी मी गेले तेव्हा आपा टोपलीशेजारी जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला टेकून, पाय लांब करून.

"नाही उठत ती," ती म्हणाली. "माझेही गुडघे गेले गं. चहा टाक, आणि दूध जास्त घाल."

मी चहा केला. तिच्या हातात कप राहीना, म्हणून मीच तो तिच्या ओठांशी धरला. तिने उशीवर थोपटून मला बसायची खूण केली. घरी मी चुलीवर दूध तापत ठेवून आले होते. मी तिथे दोन तास बसले.