आडवा केला की चालू

बाजारातले लोक त्याला डॉक्टर म्हणत. थट्टेनेच म्हणत, पण त्याला ते आवडायचं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं दुकान म्हणजे एक लांब टेबल, वर लोंबणारा दिवा आणि भिंतीला टेकून बसलेले उघडेवाघडे डबे. हाताला यश होतं हे खरं, त्यात खोट काढायची नाही. पण त्या यशाचा तोरा म्हणाल तर विचारू नका! गिऱ्हाईक बिघाड सांगायला तोंड उघडतंय तोच हा मान डोलवायचा. समोरच्याचं पुरतं ऐकून घेणं त्याच्या जिवावर यायचं.

थोरल्या बहिणीचा कॉम्प्युटर त्याने स्वतः जुळवून दिला होता. आई गेल्यावर तिनेच याला लहानाचा मोठा केला होता, म्हणून याने एकेक भाग पारखून आणला, तिच्याच घरी जमिनीवर फतकल मारून बसला, सगळं जोडलं आणि मोठ्या ऐटीत डबा तिच्या टेबलाखाली उभा करून दिला. ताई वकिलांच्या कचेरीत टंकलेखन करायची. पुढे नवरा गेला, नोकरी संपली, तरी कचेरी तिला घरी कागद पाठवत राहिली, कारण तिने टाइप केलेल्या कागदात चूक म्हणून सापडत नसे. मुलगा दुसऱ्या शहरात. आई, एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे ये, हे त्याचं पालुपद. ताईचं उत्तर ठरलेलं, माझं काम इथे आहे. त्या कामाच्या जोरावर ती आपल्या घरात आपल्या मर्जीने राहत होती. आणि ते काम सगळं त्या डब्याच्या भरवशावर.

डबा मात्र लहरी निघाला. एखाद्या दिवशी बटण दाबताच सुरू, एखाद्या दिवशी कितीही दाबा, ढिम्म. ताई भावाला फोन करायची. भाऊ यायचा, डबा टेबलाखालून ओढून आडवा करायचा, झाकण काढायचा, बटण दाबायचा, की झाला चालू! मग तिच्याकडे असा बघायचा, की आता काय म्हणणं आहे. सुरुवातीला त्याने मन राखायला वायर बदलली, वीज पुरवणारा आतला भागही नवा घातला. पुन्हा तेच रडगाणं. "फरशी पुसताना सरकवला की आत काहीतरी वाजतं रे," ती एकदा म्हणाली. तो हसला. पंखा वाजत असेल म्हणाला, आणि बटण नीट दाबत जा, अर्धवट दाबतेस, असं तिलाच शिकवून गेला.

पहिल्यांदा हे चेष्टेत होतं. मग त्याचा वैताग व्हायला लागला. हातातलं काम टाकून जायचं आणि तिथे पोचल्यावर बिघाड गायब, त्यामुळे त्याचं डोकं फिरायचं. इकडे ताईचे कागद उशिरा पोचू लागले. ऐन सुनावणीच्या दिवशी कागद नाहीत असं झालं, आणि कचेरीने हळूहळू हात आखडता घेतला. मग ताई स्वतःच म्हणायला लागली, माझंच काहीतरी चुकत असेल. उभ्या जन्मात कुणाचं एक न ऐकलेली बाई ती! तिच्या तोंडून हे ऐकून या शहाण्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला हायसं वाटलं.

एके दुपारी भाच्याचा फोन आला. मामा, खरं सांगा, आईला जमतंय का आता? दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. हा म्हणाला, "नाही रे जमत. साधं बटण दाबता येत नाही तिला. घेऊन जा." एवढंच बोलला आणि कामाला लागला. ताई वाद न घालता गेली. घर विकलं गेलं आणि कॉम्प्युटर याच्या दुकानात येऊन पडला.

बरेच महिने तो तसाच पडून होता. मग एक जण जुना कॉम्प्युटर शोधत आला. टेबलावर दुसरी यंत्रं पसरलेली, जागा नाही, म्हणून डॉक्टरने ताईचा डबा काउंटरवर उभाच ठेवला आणि बटण दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं, नीट, पूर्ण दाबलं. काही नाही. टेबलावरचा पसारा बाजूला लोटून त्याने डबा आडवा केला, आणि झाला चालू. बंद करून उभा केला, हलवला, दाबलं. पुन्हा ढिम्म. यंत्राला हात लावायचा तर आधी ते आडवं करायचं, ही त्याची पहिल्या दिवसापासूनची सवय. ताईच्या घरी जाऊन त्याने उभ्या डब्याचं बटण एकदाही दाबून पाहिलं नव्हतं.

त्याने आतला मोठा बोर्ड सोडवून उचलला. मागे एक बारीक काळा स्क्रू. जोडणीच्या दिवशी हातातून निसटला होता. तेव्हा याने सगळी फरशी चाचपली, टेबलाखाली पाहिलं, गेला खड्ड्यात म्हणून दुसरा लावला. डब्याच्या आत बघायचं सुचलं नाही. डबा आडवा असला की स्क्रू निपचित पडून राहायचा, आणि उभा असला की कधीकधी घरंगळून बोर्ड आणि पत्रा यांच्या मधे अडकायचा. तसा अडकला की यंत्र सुरू व्हायचं नाव घेत नसे.

गिऱ्हाईक म्हणालं, सापडलं ना, मग झालं तर. मूग गिळून बसला असता तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. पण त्याने गिऱ्हाइकाला दोन दिवसांनी यायला सांगितलं आणि ताईला फोन लावला. सगळं सांगितलं, बोर्डामागचा स्क्रू, आडवं, उभं, भाच्याला आपण काय बोललो तेसुद्धा.

ताई म्हणाली, "म्हणजे मी बरोबर दाबत होते?"

"बरोबरच दाबत होतीस. दरवेळी."

"मी इथे गॅसही पेटवत नाही रे. सून नको म्हणत नाही, मीच जात नाही. नातीला शाळेतून आणशील का, मुलाने विचारलं, तर मीच नाही म्हटलं. म्हटलं, जिला साधं बटण दाबता येत नाही, तिने रस्त्यावर पोरीचा हात कसा धरायचा?"

मी उद्याच येतो, हा म्हणाला. भाच्याला सांगतो, सुनेला सांगतो, कचेरीत स्वतः जाऊन सांगतो, तुझं काही चुकत नव्हतं, ताई, खरंच सांगतो. तू परत ये, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण परत येणार कुठे? तिच्या घरात आता दुसऱ्यांचा संसार मांडलेला होता.

"तू म्हणतोस तर खरं असेल," ताई म्हणाली. "तेव्हाही तू म्हणालास म्हणूनच खरं मानलं होतं."

ती रागावून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती रागावली नव्हती.