आमचे हे पडतात

आमचे हे, म्हणजे कुवाबारा हाडवैद्य, गेली एकतीस वर्षं दर जानेवारीत पडतात. गावच्या ज्यूदोच्या तालमीत नव्या वर्षाची मोची, म्हणजे तांदळाची सुकलेली वडी, फोडतात त्या दिवशी दोघं जुनेजाणते डाव करून दाखवतात. पाडणार इवासे सर, पडणार आमचे हे. टाळ्या सरांना. सर दर्जे चढत चढत आठव्यावर गेले, दर्जाप्रमाणं लावलेल्या नावांच्या पाट्यांत यांची अजून तालमीच्या दारामागं, चपला ठेवतात तिथं. मी काही बोलले की म्हणतात, "अगं, पडायलाही कुणीतरी लागतंच की."

यंदा यांना बहात्तरावं लागलं. मानेचे मणके झिजलेत. दिवसभर लोकांची हाडं बसवतात आणि मी मागून हाक मारली तर अख्खं अंग फिरवून बघतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तरी माझी धास्ती मानेपेक्षा सरांच्या हाताची होती. पानगळीत त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. घरच्यांनी सर्दी म्हणून सांगितलं, आम्हीही सर्दीच म्हणालो. पण नववर्षाला चहाला आले तेव्हा त्यांच्या डाव्या हातातला पेला लाकडी बशीवर खडखडत राहिला. त्याच हातानं ते यांची बाही धरणार होते. तालमीत लहान पोरांनाही आधी पडायलाच शिकवतात, आणि मग पहिली ताकीद देतात ती हीच, की ज्याला पाडलं त्याची बाही सोडायची नाही. बाही वर ओढून धरली की डोकं आपटत नाही.

"अहो, सरांना म्हणा ना, यंदा राहू द्या."

"मी कसं म्हणू? ते मला विचारतात का, तुझी मान कशी आहे?"

"दोघंही मेले मुके. मग दुसऱ्या कुणाला तरी पडू दे."

"दुसरा त्यांच्या हाताच्या भरवशावर पडेल," हे म्हणाले. "म्हणून तर मी."



मोची फोडायच्या दिवशी सकाळी तालमीत चटया बर्फासारख्या गार होत्या. सुमिए वहिनी, सरांच्या पत्नी, माझ्या शेजारी येऊन बसल्या. कार्यक्रम संपला की त्यांना चार शब्द सुनावायचे, हे मी घरूनच ठरवून आले होते. यांच्या जिवाशी खेळ चाललाय आणि तुम्ही गप्प कशा बसता?

पहिले दोन डाव नीट झाले. तिसऱ्याला सरांनी कमरेवर घेतलं, हे उचलले गेले, आणि मला दिसलं, बाही सुटली. सरांच्या हातात काही नव्हतं. यांनी हनुवटी छातीला लावली आणि पसरलेला हात चटईवर असा हाणला की खिडक्या वाजल्या. मग हे नुसतेच पडून राहिले. उठा हो, उठा.

उठले. पोशाख सारखा केला, सरांना वाकून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागं कुणीतरी म्हणालं, काय जोर आहे बघा सरांच्यात अजून.

वहिनी समोरच बघत होत्या. ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "बाही धरली होती ना त्यांनी?"

ठरवलेले चारही शब्द जिभेवर होते.

"धरली होती, वहिनी," मी म्हणाले. "घट्ट."

वहिनी माझ्याकडे वळल्या आणि सगळ्यांदेखत कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकल्या.