मूर्तिजापूरपर्यंत

त्या मंगळवारी मी बडनेरा स्टेशनावर पोचलो तेव्हा गाडी सुटायला सहा मिनिटं होती. मागून तिसरा डबा, दारातून शिरल्यावर डाव्या हाताची दुसरी खिडकी. तिथे निळ्या चौकड्यांचा एक मोठा रुमाल पसरलेला असायचा आणि रुमालाशेजारी देविदासभाऊ. त्या दिवशी तिथे एक अनोळखी बाई मांडीवर लेकरू घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं मीच डबा चुकलो. खाली उतरून मागून डबे मोजले. तिसराच होता. तेवढ्यात फोन वाजला. देविदासभाऊंचा मुलगा होता. "काका, बाबा गेले. अंघोळ झाली, चहा मांडा म्हणाले, आन् खुर्चीतच..." मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो आणि गाडी माझ्यासमोरून निघून गेली. त्या गोष्टीला आज एक्केचाळीस दिवस झाले.

अकोल्याच्या एमआयडीसीत सरकीचं तेल काढणाऱ्या एका मिलमध्ये आम्ही दोघं कारकून. मी टाईम ऑफिसात. कोण किती वाजता आला, कोण गेला, कुणाच्या किती रजा उरल्या ते माझ्याकडे. देविदासभाऊ वजनकाट्यावर; सरकीचा भरला ट्रक आला की तोलायचा, रिकामा झाला की पुन्हा तोलायचा. मी अमरावतीत साईनगरला राहतो, ते बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत. स्टेशन त्यांना चालत आठ मिनिटं, मला ऑटोने वीस-पंचवीस. म्हणून जागा धरायचं काम त्यांचं. बडनेरा ते अकोला एकोणऐंशी किलोमीटर, आणि संध्याकाळी तितकेच परत. आमच्याकडे याला अपडाऊन म्हणतात आणि निम्मं आयुष्य त्यात जातं. माझं आणि त्यांचं गेलं.

आमची ओळख झाली ती नोकरीवर रुजू व्हायच्या दिवशी, मिलच्या ऑफिसच्या खिडकीसमोर. आम्हा बारा जणांना बोलावलं होतं. हिवाळ्याचे दिवस. मी रांगेत शेवटचा, माझ्यापुढे देविदासभाऊ. खिडकीतून एकेकाला हजेरीचं पितळी टोकन मिळत होतं. २०१, २०२ असे नंबर. अर्धी रांग सरली तेव्हा आतला शिपाई बाहेर येऊन म्हणाला, "टोकनं कमी आलेत म्हणे. शेवटच्याले परत पाठवतीन बहुतेक." माझ्या पत्नीला तेव्हा सातवा महिना होता. आधीची नोकरी मी सोडून आलो होतो. मी त्या शिपायाला तीनदा विचारलं, नक्की किती टोकनं आहेत म्हणून. तिसऱ्या वेळी तो चिडला. आमची पाळी आली तेव्हा देविदासभाऊंनी एकदम तोंडावर हात धरला आणि हाताआडूनच मला म्हणाले, "तुमी व्हा पुढे. तोंडात खर्रा हाय, साहेबासमोर काय बोलू?" आणि तो तंबाखू-सुपारीचा तोबरा थुंकायला गेले नळाकडे. मला २११ मिळालं. ते तोंड पुसत आले आणि त्यांना २१२ मिळालं. टोकनं बाराच्या बारा आली होती. शिपायाने उगीच घाबरवलं होतं. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "आज सोडला जी खर्रा. नोकरी हातची जात होती त्याच्यापायी." खरंच त्यानंतर त्यांना खर्रा खाताना मी कधी पाहिलं नाही. पुढे एकवीस वर्षं ते डब्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला माझी ओळख अशी करून द्यायचे, "हे आमचे टाईमबाबू. माया खर्ऱ्यावर यायनं नंबर मारला."

मिलमध्ये त्यांच्या डोळ्यांची ख्याती होती. ट्रक काट्यावर चढायच्या आधी ते वजन सांगायचे आणि पन्नास-साठ किलोंपलीकडे चुकायचे नाहीत. मी हे तपासलं आहे. एकदा सलग तीस ट्रकांचं मी लिहून ठेवलं, त्यातले सत्तावीस बरोबर निघाले. हीच नजर ते डब्यातही चालवायचे. तिकीट तपासनीस पुढे गेला की हळूच म्हणायचे, "ब्याण्णव. कोट काढून." मला म्हणायचे, "तुमी चौसष्ट किलो, डब्यासकट." मी रागावून म्हणायचो, "डब्याचं वजन वेगळं धरा." त्यावर ते हसायचे... खांदे हलवत, आवाज न करता. ते हसणं मला आता गाडीच्या हलण्यात आठवतं.

तीन वर्षांपूर्वी मंदी आली. पेपरात तिच्याबद्दल पुष्कळ येत होतं, पण आम्हाला ती पेपरातून कळली नाही. सरकीच्या हंगामात आमच्या काट्यावर दिवसाला साठ ट्रक होत. त्या वर्षी परतीच्या गाडीत बसलं की देविदासभाऊ खिडकीबाहेर पाहत नुसता आकडा सांगत. "आज अठ्ठेचाळीस." पंधरा दिवसांनी, "छत्तीस." मग "एकतीस." मी माझा आकडा सांगे. गेटवर आज किती हजर, कितींना घरी बसवलं. बाहेरून येणारं तेल स्वस्त पडत होतं, आमच्या तेलाला उठाव नव्हता. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक. दुपारचा दुसरा चहा बंद झाला. मिलमध्ये लोक कुजबुजायचे, कोण जाणार, कोण राहणार. आम्ही दोघं कुजबुजत नव्हतो. ज्या दिवशी ते म्हणाले, "टाईमबाबू, आज एकवीस," त्या दिवशी माझा आकडा मी मूर्तिजापूर आल्यावर सांगितला. त्यांचं वय पन्नास, माझं अठ्ठेचाळीस. माझी मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. या वयात आम्हाला दुसरीकडे कोण घेणार होतं?

आणि मग ती यादी मलाच करावी लागली. मॅनेजरांनी बोलावून सांगितलं, कारकून एकोणीस आहेत, नऊ ठेवायचे. जो शेवटी लागला तो आधी जाणार. रुजू झाल्याची तारीख एक असेल तर टोकन नंबर पाहायचा. यादी सात दिवस नोटीस बोर्डावर राहील, कुणाची हरकत असेल तर त्याने लेखी द्यावी. मी रजिस्टर उघडून यादी टाईप केली आणि नवव्या नावाखाली रेघ मारली. खरं तेच सांगतो. रेघेच्या वर माझं नाव पाहून आधी मला हायसं वाटलं. रेघेखालचं दहावं नाव मी त्यानंतर वाचलं.

देविदासभाऊंनी बोर्डावरची यादी चष्मा लावून, बोट फिरवत वाचली. म्हणाले, "लिस्ट बराबर हाय. टायपिंगची एक चूक नाही." एवढंच. संध्याकाळी गाडीत नेहमीसारखा रुमाल, नेहमीसारखी जागा. मला मात्र घास जाईना. रांगेत माझ्यापुढे कोण होतं हे जगात दोघांनाच माहीत होतं. नंबर २११ त्यांचा होता. तो माझ्याकडे आला तो एका खर्ऱ्यामुळे, निव्वळ योगायोगाने, असं मी स्वतःला पाच दिवस समजावलं. पाचव्या दिवशी अर्ज टाईप केला. 'श्री. देविदास हे रांगेत माझ्या पुढे उभे होते. तोंडातील खर्रा थुंकण्यासाठी ते नळावर गेल्याने मी त्यांच्या आधी खिडकीशी गेलो. सबब टोकन क्र. २११ हा त्यांचा समजण्यात यावा.' खाली सही केली, तारीख घातली. एरवी कुठल्याही अर्जाच्या मी दोन प्रती काढतो. याची एकच काढली.

सहाव्या दिवशी सकाळी गाडीत तो कागद मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"सही बी हाय."

"हो."

"मंग हे हापिसात द्याचं सोडून मले काहून दाखवून राहिले?"

कुरूम स्टेशन गेलं, माना गेलं. ते माझ्याकडे पाहत होते, रागाने नाही... ट्रककडे पाहायचे तसे.

"खर्रा माया तोंडात होता, नळावर मी गेलो. तुमी काय ढकललं होतं का मले?" मग ते कागदाची घडी घालू लागले. "आयका. मले काटा येते. काटा गावोगाव हाय. तुमाले हजेरी घेता येते. हजेरी घ्याले आधी माणसं तं पायजेत ना कोठी!" शेजारचे दोघे हसले. मीही हसलो, हे मला अजून आठवतं. कागद चौघडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. "आन् दोन किलो उतरले तुमी या आठवड्यात. जेवत जा नीट." घरी जाऊन मी काट्यावर उभा राहिलो. पावणेदोन किलो उतरलं होतं.

कागद मी परत मागितला नाही. दुसरा टाईपही केला नाही. सातव्या दिवशी पाच वाजता मुदत संपली. यादी बोर्डावरून मीच काढली आणि चार टाचण्या डबीत ठेवल्या.

पुढचे पाच महिने ते गाडीला नव्हते. मी फोन करायचो, ते इकडचं तिकडचं बोलायचे. कामाचं विचारलं की, "पाहून राहिलो," म्हणायचे. घरी गेलो की चहा व्हायचा, पण ते आणि मी शेजारी न बसता समोरासमोर बसायचो आणि दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. चोवीस तासांचं आमचं नातं नव्हतंच कधी. आमचं नातं एका बाकड्यावरचं, दोघांनी एकाच दिशेला तोंड करून बसायचं. मग एका सोमवारी डब्यात शिरलो आणि खिडकीशी निळ्या चौकड्यांचा रुमाल. "बसा जी टाईमबाबू. काय पाहून राहिले?" मूर्तिजापूरला एका खाजगी वजनकाट्यावर त्यांना काम मिळालं होतं. पगार पहिल्यापेक्षा कमी होता, त्यांनी किती ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बडनेरा ते मूर्तिजापूर बेचाळीस किलोमीटर. तिथून पुढे अकोल्यापर्यंतचे सदतीस मी एकटा. ते उतरताना रुमाल उचलायचे, झटकायचे, फलाटावरून खिडकीशी येऊन म्हणायचे, "संध्याकाळी धरतो जागा," जसं काही मधल्या स्टेशनावर चढणाऱ्याला ती मिळणारच होती. बहुतेक वेळा आम्ही दाराशी उभे असायचो. तिथेही ते आकडा सांगायचे. "आज सत्तर." पुन्हा चढते आकडे ऐकताना बरं वाटायचं. अडीच वर्षं असं चाललं.

तेरवी झाल्यावर आठवड्याने मी त्यांच्या पत्नीला, शोभावहिनींना भेटायला गेलो. त्यांनी देविदासभाऊंची डब्याची पिशवी आवरायला काढली होती. तिच्या आतल्या कप्प्यातून त्यांनी एक चौघडी कागद काढून माझ्यापुढे धरला. घड्यांवर विरला होता. त्यांनी तो वाचला होता.

"भाऊजी, यात खर्रा काहून लिहिला तुमी?"

मी त्यांना रांगेचं सगळं सांगितलं. टोकनं, शिपाई, नळ. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, नाही म्हणून.

"यायनं जन्मात खर्रा नाही खाल्ला, भाऊजी. मामंजीचं तोंड त्याच्यानंच सडलं. हे बारा वर्षांचे होते तवा गेले थे. आमच्या घरात सुपारी बी येत नाही."

शिपाई टोकनं कमी आहेत म्हणाला तेव्हा मी शेवटचा होतो. नंतर शेवटचे ते झाले. माझी त्यांची ओळखही नव्हती. त्यांनी फक्त मला तीनदा विचारताना ऐकलं होतं... मग एकवीस वर्षं तो विनोद सांगून सांगून त्यांनी तो इतका पक्का केला, की यादी लागली तेव्हा मला टेकायला तो तयार होता. मी आकडे तपासतो. प्रत्येक आकडा तीनदा तपासतो. हे एक मी कधी तपासलं नाही, कारण ते खरं असण्यात माझी सोय होती.

वहिनींनी कागद मला परत दिला. तो आता माझ्या कपाटात आहे. यंदा मिलमध्ये पुन्हा एकच पाळी आहे आणि मॅनेजरांनी पुन्हा यादी मागितली आहे. या वेळी रेघ कुठे पडेल ते मला माहीत नाही. काट्यावर आज किती ट्रक आले हेही मला कुणी सांगत नाही. ही यादी टाईप करताना मला धास्ती कमी वाटते आणि ती बोर्डावर लावल्यावर संध्याकाळी शेजारी बसून, "टायपिंगची एक चूक नाही," म्हणणारं माणूस पाहिजे असं फार वाटतं.

आता मी घरून अर्धा तास लवकर निघतो. मागून तिसरा डबा, डाव्या हाताची दुसरी खिडकी. खिडकीची जागा सोडून अलीकडे बसतो आणि खिडकीशी माझा रुमाल टाकतो. माझा रुमाल लहान आहे, पांढरा, त्याने जागा पुरती झाकत नाही. हे बरोबर नाही हे मला कळतं; डब्यात माणसं उभी असतात. बाई-म्हातारं आलं तर मी उठून माझी जागा देतो. खिडकीची देत नाही. कुणीतरी विचारतं, "इथं कोणी हाय का जी?"

"हो," मी म्हणतो. "मूर्तिजापूरपर्यंत."

मूर्तिजापूर आलं की रुमाल उचलतो, झटकतो आणि विचारणाऱ्याला सांगतो, "बसा."