मला घाई नाही

घाटकोपरच्या आमच्या चाळीत संडासाच्या रांगेत एक कारकून शेजारी सगळ्यांना पुढे सोडायचे. कानाला जानवं, हातात डबा. “तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही.” लोक त्यांना सज्जन म्हणत. मी शेजारच्या नळावर भांडी घासायची. घाई नसलेला माणूस पाय आवळून उभा राहत नाही, आणि आत पाव तास कण्हत नाही.

एकदा विचारलंच, “लघवी अडते का हो?”

“वहिनी, बायकांनी असलं विचारू नये.”

“मग बायकोला सांगा.”

“ती रडेल.”

मीच तिला सांगितलं. ती रडली नाही, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. उशीर केलात, म्हणाले डॉक्टर.

ऑपरेशन करून आले ते माझ्याशी बोलेनात. रांगेतल्या प्रत्येक पिकल्या केसाला मात्र मोठ्यानं विचारत, “धार नीट आहे ना? रक्त?” पुरुष डबे घेऊन पळत.

एके सकाळी माझ्या नवऱ्याची पाळी आली. “झकास आहे,” हे म्हणाले.

शेजारी माझ्याकडे वळले. “वहिनी, हे खोटं बोलतायत. उद्या रजा घ्यायला लावा.”

मी लावली.