गळणारी भिंत

आमच्या मामांना सगळे 'ओळंबा' म्हणत. जन्म गवंडीकामात गेला, आणि स्वभावही तसाच, सरळ आणि ताठ. "माझी भिंत गळणार नाही," हे ते इतक्यांदा ऐकवत की मामी वैतागून म्हणायची, आता छातीवर गोंदवूनच घ्या.

गुडघे कुरकुरायला लागले तसं काम सुटलं आणि मामांनी मामीच्या माहेरच्या जमिनीकडे मोर्चा वळवला. जमीन कसली, उतारावरचा भाजलेला माळ. दुष्काळामागून दुष्काळ पडून वरची माती उडून, वाहून गेलेली. उरलेल्या मातीवर असा टणक पापुद्रा की पाऊस आला तरी पालथ्या घड्यावर पाणी. खालच्या मुरमावर शेजारच्या खाणवाल्याचा डोळा होता. मामीने लहानपणी तिथेच वडिलांची बाजरी राखली होती. पण नुसती धूळ किती वर्षं राखायची? यंदा काही उगवलं नाही तर जमीन खाणीला द्यायची, असं तिनेच ठरवलं. बोलताना तिला हुंदका आवरेना. मला रडू आलं, मामांना मात्र चेव चढला.

त्यांनी उतारावर आडवा बांध घातला, अस्सल गवंड्याचा. दगड घडवलेले, सांधे सिमेंटने भरलेले, मुंगी शिरायची नाही. मग एक जोरदार सर आली. पाणी बांधाला तटलं, तुंबलं, आणि भिंत ढकलून होती नव्हती ती माती घेऊन गेलं. मामा म्हणाले, सिमेंटच भेसळीचं होतं. पडलो तरी नाक वर!

मामी चिखल तुडवत उतरली. फुटलेल्या भिंतीचे दगड थोडं खाली जाऊन अस्ताव्यस्त पडले होते. ती तिथे वाकली, मग मामांना हाक मारली. दगडांमागे बोटभर मऊ गाळ बसला होता.

"तुमची भिंत उभी होती तिथली माती गेली," ती म्हणाली, "आणि पडली तिथे राहिली."

मामांची मान खाली झुकलेली मी प्रथमच पाहिली. खोटं कशाला बोलू, मजा वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मामा भिंत गळकी बांधायला शिकू लागले. पाणी भरलेली लेव्हलची नळी धरून उतारभर आडव्या ओळी आखायच्या, प्रत्येक ओळ एका पातळीत, आणि त्यांवर दगड नुसते रचायचे, सिमेंट नाही. पण हातांची खोड जाते का? मामीची पाठ वळली की ते फटीत कपच्या ठोकत, मामी मागाहून उपटून काढायची. मधल्या जागेत तिने पापुद्रा फोडून अर्धगोल खड्डे केले, त्यांत शेणखत आणि बाजरीचं बी घातलं. मग बरेच दिवस आभाळ कोरडंच राहिलं. मामी जेवेनाशी झाली.

पाऊस आला तेव्हा आम्ही तिघं भिजत उभे होतो. वरून लाल गढूळ पाणी आलं, बांधापाशी थबकलं, फटींतून संथपणे, बरंचसं निवळून पलीकडे गेलं. माती अलीकडे राहिली. मामांनी हळूच डोळे पुसले, पावसाचं पाणी म्हणून.

खाणवाला उत्तर विचारायला आला, तोही अशाच एका सरीनंतर. मामी कमरेएवढ्या बाजरीत उभी होती. तिने नाही म्हटलं नाही, नुसता शेतावरून हात फिरवला. तो ओशाळला, आणि जाता जाता बांधाकडे बोट दाखवून म्हणाला, "ओळंबा, तुमची भिंत गळतेय की."

मामांनी मान ताठ केली.

"गळणारच. माझ्या हातची आहे."