चार जणांचा डाव

धुळ्याहून सुरतेच्या एसटीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर माजाँगची पेटी होती. आमचे हे बोटीवर भंडारी (स्वयंपाकी) होते. हाँगकाँगच्या बंदरात हा चिनी सोंगट्यांचा खेळ ते शिकले, आणि अकरा वर्षं, प्रत्येक सुट्टीत, आम्ही दोघंच तो खेळलो. खरा डाव चौघांचा. "कडोदऱ्यापुढे माझ्या बोटीवरच्या रमणभाईचं गाव आहे, तिथं खेळतात. पुढच्या सुट्टीत जाऊ," असं हे दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी राहून जायचं. हे गेले. पेटी दोन वर्षं माळ्यावर पडली. शेवटी शहाण्णवच्या थंडीत मीच निघाले. एकदा तरी चौघांत बसायची फार ओढ होती.

मुक्काम सुरतेत लिंबायतला, भावाकडे. सकाळी मी पेटी उचलली तसा तो म्हणाला, "एकलीच जाशी का व आक्का?" (एकटीच जाणार का?) त्याची मागावरची पाळी होती. एकटीच गेले.

कडोदऱ्याला यंत्रमागांचा खडखडाट मागे पडला आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. एका खड्ड्यात रिक्षा अशी उडाली की पेटी उघडून सोंगट्या रस्त्यावर! रिक्षावाला वेचता वेचता म्हणाला, "मौसी, इतना साबुन?" एकशे चव्वेचाळीस मोजून घेतल्या, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

रमणभाईंनी पेटी पाहिली आणि मला ओळखच विचारली नाही. "आवो बेन, आवो!" त्यांचा चौथा गडी मुलाकडे राहायला गेल्यापासून डाव बंद होता. बायको कांताबेन पोंक (आपला हुरडा) आणि शेव घेऊन आल्या, शेजारचे जीवणभाई आले. ओट्यावर चटई पडली. आठ हातांनी सोंगट्या घुसळल्या, आणि तो आवाज ऐकून मला रडूच आलं. आमच्या चार हातांनी तसा कधी झाला नव्हता.

तिसऱ्या डावाला मी "झाला!" म्हणून सोंगट्या मांडल्या. बांबूच्या चित्राचा पंजा, बांबूचा सत्ता, मधे छक्क्याच्या जागी कोरी सोंगटी.

रमणभाई वाकून बघत म्हणाले, "बेन, आ तो कोरी छे. कोरी साथे कोरी ज चाले." (कोरीबरोबर कोरीच चालते.)

"नाही हो, कोरी कशाचीही जागा घेते. ह्यांनीच शिकवलंय."

"भंडारीने? बोट पे हम सबको रूल उसीने सिखाया. एक भूल माफ नहीं करता था."

म्हणजे कोरीचा तो नियम ह्यांनी फक्त माझ्यासाठी केला होता. ह्यांच्या हाती कोरी आली की "मला काय करायचीय" म्हणून टाकायचे. मी झडप घालून उचलायचे, जिंकायचे आणि गल्लीभर मिरवायचे. मला इथं का आणलं नाही, तेही तेव्हा कळलं.

कांताबेननी माझा हात दाबला. "चालशे, बेन. रहेवा दो." (चालेल, राहू द्या.)

मी कोरी काढून घेतली. त्यानंतरचे पाचही डाव हरले.

परतीच्या एसटीत पेटी पुन्हा मांडीवर होती. लोक विचारतात, सुरतेला काय पाहिलंस? पोंक खाल्ला म्हणून सांगते. चौघांत बसून झालं, खऱ्या नियमाने हरूनही झालं. पण मला हरायचं होतं ते ह्यांच्याशी.