कमरुद्दीनभाईंनी न केलेली सही

कमरुद्दीन सोलकर दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यात एकवीस वर्षं तपासनीस आहेत. आठवडाभर माल पास करायचा किंवा परत पाठवायचा, आणि शनिवार-रविवारी सकाळी मुलामुलींना फास्ट बॉलिंग शिकवायची. गाव दाभोळ. तरुणपणी स्वतः खेळत, पण त्यावर जास्त बोलत नाहीत. विचारलंच तर म्हणतात, "जिल्ह्यापर्यंत गेलो. खलास."

कौतुकाला ते जरा चिकटच. त्यांच्या हाताखालच्या पाच मुलांना लोकांनी आजवर 'उद्याचा स्टार' ठरवलं होतं. त्यातला एक दातांचा डॉक्टर झाला, दोघं बँकेत लागले, एक कॅनडाला गेला आणि पाचवा अजून क्लबकडून खेळतो. "कुणाचं वाईट झालं नाही," कमरुद्दीनभाई म्हणायचे, "पण स्टार कुठाय?"

गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे शिकणाऱ्या मिहिकाचा व्हिडिओ फिरला. मिहिका पंधरा वर्षांची, उंच, अबोल. तिच्या एका बॉलवर मधला स्टंप उडून लांब जाऊन पडला होता. कुणीतरी मोबाइलच्या ॲपवर वेग मोजला आणि खाली लिहून टाकलं, ताशी एकशे बारा किलोमीटर. दोन दिवसांत शाळेत, बिल्डिंगमध्ये, मराठी मंडळाच्या ग्रुपवर तीच चर्चा. तिचे वडील उपेंद्र फ्री झोनमधल्या एका कंपनीत नोकरीला आहेत. ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला व्हिडिओ दाखवू लागले.

मग दुबईहून रोनित नावाचा एक माणूस आला. तो खेळाडूंच्या सामन्यांची, करारांची कामं बघायचा. पाच दिवसांत चार प्रदर्शनीय सामने, आधी दुबई मरीनावर फोटोशूट, नंतर करार, असा त्याचा बेत होता. फक्त कोचची एक सही हवी होती: मुलगी फिट आहे आणि वेग खरा आहे.

"कमरुद्दीनभाई, यल्ला, चला, करून टाका," उपेंद्र कागद पुढे करत म्हणाले.

"शनिवारी मोजू. मग बघू."

दुबईतल्या अल क्वोजच्या इनडोअर नेट्समध्ये शिकवणाऱ्या वलीकडून त्यांनी खरी स्पीड गन मागून आणली. मिहिकाने अठरा बॉल टाकले. सगळ्यात वेगवान बॉल चौऱ्याण्णवचा.

"तुमचं मशीन जुनं असेल," उपेंद्र म्हणाले.

"मशीन ठीक आहे. पंधरा वर्षांच्या पोरीला चौऱ्याण्णव म्हणजे छान वेग आहे. पण एकशे बारा नाही. सीझनभर तिने सलग सहा ओव्हर टाकलेल्या मी बघितल्या नाहीत. सही कशावर करू?"

उपेंद्रांचा चेहरा पडला. "तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही," ते म्हणाले आणि कागद घेऊन निघून गेले.

हे वाक्य कमरुद्दीनभाईंना लागलं. घरी जेवताना त्यांनी बायकोला, शहनाझला विचारलं, "मी खरंच असा आहे का गं? समजा पोरगी खरोखर मोठी झाली तर?"

"झाली तर तुमच्या सहीवाचून पण होईल," शहनाझ म्हणाली. "पण तुमच्या मनात दुसरं काहीतरी आहे. ते बोला आधी."

होतंच. शेवटच्या सहा बॉलना मिहिका रनअपकडे परत जाताना डावा हात कमरेवर दाबून धरत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बाजूला घेतलं. "पाठ दुखते?"

"इट्स फाइन, कोच."

"कधीपासून?"

मिहिकाचे डोळे भरून आले. "सिन्स द व्हिडिओ. एव्हरीवन सेज वन-ट्वेल्व्ह. सो आय ट्राय हार्डर. प्लीज डोन्ट टेल बाबा."

"बाबांना नाही सांगत," ते म्हणाले, "पण आईला सांगणार. हे लपवायचं नाही, बेटा."

तिच्या आईने, कुंदाताईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "भाई, कुठल्या डॉक्टरकडे?" मंगळवारची वेळ मिळाली. उपेंद्रही आले, पण कमरुद्दीनभाईंशी बोलले नाहीत. एमआरआयच्या खोलीबाहेर तासभर तिघं तीन खुर्च्यांवर बसून होते. हाड मोडलं असेल तर पोरीचा खेळ इथेच संपायचा, ही भीती तिघांच्याही मनात होती.

डॉक्टरांनी चित्र पडद्यावर लावलं. "कण्याच्या या हाडावर ताण आलाय, सूज आहे. पण तडा गेलेला नाही. वेळेवर आलात. तीन महिने बॉलिंग पूर्ण बंद, मग हळूहळू. पूर्ण बरी होईल."

"आणि पुढच्या आठवड्यात चार सामने खेळली असती तर?" उपेंद्रांनी विचारलं.

"तर आज तडा नाही म्हणतोय, तिथे बहुतेक आहे म्हणावं लागलं असतं."

कुंदाताईंनी डोळ्यांना पदर लावला. बाहेर आल्यावर उपेंद्रांनी कमरुद्दीनभाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "भाई, त्या दिवशी मी..." त्यांनी सुरुवात केली.

"राहू दे, हबीबी," कमरुद्दीनभाई म्हणाले. "चहा पाजा. सकाळपासून घशाखाली काही उतरलं नाही."

सगळ्यात मोकळी झाली होती मिहिका. "सो नो मॅचेस? नो फोटोशूट?" तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. रोनितला उपेंद्रांनी तिथूनच नकार कळवला. पलीकडून 'ओके' आलं आणि विषय मिटला. महिन्याभरात त्याला शारजात नवा स्टार सापडल्याचंही कानावर आलं.

कमरुद्दीनभाईंनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती. ती संपायला अजून दोन तास होते. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चौघांनी करक, म्हणजे तिथला कडक दुधाळ चहा घेतला आणि वर समोसेही मागवले. मिहिकाने तीन खाल्ले. मग मोबाइल काढून तिने मैत्रिणीला, इन्शाला, फोन लावला. पुढच्या शनिवारी इन्शाचा वाढदिवस होता, आणि सामन्यांपायी मिहिका नाही म्हणून बसली होती.

"आय कॅन कम!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.